माध्यमिक शिक्षणाची देशादेशांत तुलना करताना नेमके काय मोजायचे?

प्रश्न थोडक्यात असा: ग्रामीण महाराष्ट्रातली एक अनुदानित शाळा, वर्ग पाचवी ते दहावी. शालेय समितीच्या बैठकीत दर वेळी फिनलंड, जर्मनी, जपान ही नावे निघतात. श्रीमंत देशांतले माध्यमिक शिक्षण आपल्यापेक्षा नक्की कशात वेगळे आहे आणि त्यातले आपल्या शाळेला घेण्याजोगे काय आहे?

फरक पाठ्यक्रमात शोधू नका. आपल्या दहावीच्या विज्ञान आणि गणिताचा पसारा त्या देशांतल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या अभ्यासाइतकाच आहे, काही प्रकरणांत जास्तही. इमारत, मैदान, संगणक यांतला फरक खरा आहे, पण तो पैशाने भरून निघतो. मुळाशी असलेला फरक वयाच्या चौदाव्या वर्षी सुरू होतो. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा 2009 सहा ते चौदा वयासाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत. गणवेश आठवीपर्यंत. नापास न करण्याचे संरक्षण, 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीपुरते सैल झाले असले तरी, तेही आठवीपर्यंतच. नववीत पाऊल टाकले की हे सगळे एकाच जूनमध्ये संपते, आणि त्याच वर्षी अभ्यास अवघड होतो, शाळा लांब जाते, घरात मुलाच्या कमाईचा आणि मुलीच्या लग्नाचा विषय निघू लागतो. अनुदानित शाळेत दहावीपर्यंत शिक्षण शुल्क (फी) नसते हे खरे. पण मूल शाळा सोडते ते शुल्कामुळे कमीच. वह्या, प्रवास, दुपारचे जेवण आणि बुडालेली मजुरी यांचा भार जास्त असतो.

फिनलंडने 2021 मध्ये सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा अठरा वर्षांपर्यंत नेली. त्याबरोबर उच्च माध्यमिकाची पुस्तके, लागणारी साधने आणि अंतिम परीक्षेचे शुल्क हेही सरकारने उचलले. शाळेतले मोफत जेवण तिथे 1948 पासून सार्वत्रिक आहे आणि ते उच्च माध्यमिकातही मिळते. इंग्लंडमध्ये 2015 पासून अठरापर्यंत शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणे बंधनकारक आहे. जर्मनीत पूर्णवेळ शाळेची नऊ-दहा वर्षे संपली तरी साधारण अठरापर्यंत व्यवसायशाळेत जाण्याची सक्ती असते. जपानमध्ये कायद्याची सक्ती पंधराव्या वर्षी संपते, तरी शंभरातली अठ्ठ्याण्णवच्या आसपास मुले पुढच्या तीन वर्षांच्या शाळेत जातात, आणि 2010 मध्ये सरकारी उच्च माध्यमिक शाळांचे शुल्क माफ झाले. चौदा ते अठरा या चार वर्षांत मुलाला धरून ठेवायला किती गोष्टी टिकून आहेत, हा तुलनेचा पहिला निकष. बाकीचे त्यानंतर.

आता आकड्यांबद्दल, कारण बहुतेक तुलना इथेच चुकतात. युनेस्कोच्या तक्त्यांत भारताचे ‘निम्न माध्यमिक’ म्हणजे सहावी ते आठवी आणि ‘उच्च माध्यमिक’ म्हणजे नववी ते बारावी. आपण माध्यमिक म्हणतो ते नववी-दहावीला. निम्न माध्यमिकाचा आकडा उचलून तो दहावीचा समजला की आपली स्थिती आहे त्यापेक्षा बरीच चांगली दिसते. म्हणून इयत्तेचे नाव सोडा आणि वय धरा. दुसरे, सकल नोंदणी गुणोत्तरात, म्हणजे त्या वयाच्या एकूण मुलांच्या तुलनेत पटावरच्या सगळ्या मुलांच्या प्रमाणात, जास्त वयाची आणि पुन्हा बसलेली मुलेही धरलेली असतात, त्यामुळे ते शंभराच्या वरही जाते. शक्य असेल तिथे निव्वळ नोंदणी (फक्त योग्य वयाच्या मुलांची) आणि शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण घ्या.

तिसरी चूक पिसा चाचणीच्या क्रमवारीची. ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. 2012 मध्ये व्हिएतनामला गणितात 511 गुण मिळाले, ब्रिटनला 494, अमेरिकेला 481. गरीब देशाने श्रीमंतांना मागे टाकले म्हणून याचे कौतुक झाले आणि त्यातला बराच भाग रास्तही होता. पण पिसा शाळेत असलेल्या, किमान सातवीत पोचलेल्या मुलांची परीक्षा घेते. व्हिएतनाममध्ये त्या वर्षी पंधरा वर्षांच्या एकूण मुलांपैकी साधारण 56 टक्केच या चाचणीच्या कक्षेत होती. जी आधीच गळाली, ती सरासरीत आलीच नाहीत. उलट भारतातून 2009 च्या फेरीला जोडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोनच राज्ये बसली, तळाला राहिली, आणि पुढच्या फेऱ्यांत देश सहभागी झाला नाही. फिनलंडचेही गणिताचे गुण 2006 मधल्या 548 वरून 2022 मध्ये 484 वर आले. बैठकीत फिनलंडचे नाव घेताना हा उतारही सांगायला हवा.

हाच दोष आपल्या दहावीच्या निकालात आहे. राज्याचा निकाल 2024 मध्ये 95.81 टक्के आणि 2025 मध्ये 94.10 टक्के लागला. हे प्रमाण परीक्षेला बसलेल्यांचे आहे. शाळेने स्वतःचा खरा आकडा असा काढावा: जनरल रजिस्टरमधून जून 2022 मध्ये आठवीत असलेल्या सगळ्या मुलांची यादी करा. प्रत्येकापुढे मार्च 2025 ची स्थिती लिहा. नियमित बसला, सतरा नंबरचा फॉर्म भरला (म्हणजे शाळेबाहेरून, खासगी परीक्षार्थी म्हणून बसला), दाखला घेऊन दुसरीकडे गेला, नववीत थांबला, किंवा पत्ता नाही. दाखला नेलेल्या मुलाचे नाव नव्या शाळेच्या यू-डायस नोंदीत (शाळांच्या माहितीच्या सरकारी संगणकीय नोंदीत) दिसते का ते तपासा. न दिसल्यास तो गळाला असे धरा. समजा आठवीत 60 होते, दहावीला 44 बसले, 40 उत्तीर्ण झाले आणि उरलेल्यांपैकी कोणीही दुसऱ्या शाळेत आढळले नाही. फलकावर 90.9 टक्के लागेल, खरा आकडा 66.7. उरलेल्या सोळा जणांची नावे समितीच्या टेबलावर ठेवली पाहिजेत. शाळेच्या कामाचा मोठा भाग त्या सोळा नावांत आहे, आणि निकाल सांभाळण्यासाठी त्यांपैकी काहींना नववीत अडवले किंवा सतरा नंबरकडे वळवले असेल, तर ते थांबवणे ही कुठल्याही परदेशी प्रयोगापेक्षा मोठी सुधारणा ठरेल.

शिक्षकाकडे येऊ. फिनलंडमध्ये विषयशिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते आणि त्यात अध्यापनशास्त्राचा वेगळा भाग सक्तीचा असतो. त्याला आठवड्याला विषयानुसार साधारण 18 ते 24 तासिका असतात, एकेक 45 मिनिटांची. आपल्याकडे माध्यमिक शिक्षक तीसच्या आसपास तासिका घेतो, वर निवडणूक, जनगणना, नोंदी भरणे. तयारीला आणि वह्या तपासायला शाळेच्या वेळात जागा उरत नाही. शिवाय पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवली जातात तेव्हा, पद जाते. लहान शाळेत मग गणिताचा शिक्षक विज्ञानाचे दोन्ही भाग घेतो, किंवा भाषेचा शिक्षक भूगोल सांभाळतो. पद रिकामे राहिले तर तासिका तत्त्वावर कोणीतरी येतो आणि परीक्षेच्या आधी निघूनही जातो.

यावर जपानची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तिथे सरकारी शाळेतला शिक्षक एका शाळेचा नसतो, प्रांताचा असतो. काही वर्षांनी त्याची बदली ठरलेली असते, आणि डोंगराळ किंवा बेटावरच्या शाळेत काम करणाऱ्याला 1954 च्या कायद्यापासून वेगळा भत्ता मिळतो. त्यामुळे दुर्गम शाळेतही अनुभवी शिक्षक पोचतो. जपानी वर्ग मात्र दीर्घकाळ चाळीस-चाळीस मुलांचे राहिले, म्हणून वर्ग लहान केला की सगळे सुधारेल असे मानू नये. किंमतही ठाऊक असू द्या: 2018 च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानचे निम्न माध्यमिक शिक्षक आठवड्याला सुमारे 56 तास काम करताना आढळले, सहभागी देशांत सर्वांत जास्त.

सगळे श्रीमंत देश एकसारखे नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. अमेरिकेत शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता कराचा असतो, आणि अशी विषमता संघराज्याच्या घटनेविरुद्ध ठरत नाही असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये म्हटले. श्रीमंत वस्तीतली आणि गरीब वस्तीतली शाळा तिथे शेजारी असूनही वेगवेगळ्या देशांतल्या वाटू शकतात.

प्रयोगशाळेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे साध्या शाळेला थेट काही करता येते. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत प्रात्यक्षिकाला वेगळे गुण नाहीत. ठरलेले प्रयोग शाळेने करून घ्यायचे, किमान सोळा एकत्रित विज्ञानासाठी आणि स्वतंत्र विषय घेतल्यास प्रत्येकी आठ. मग लेखी परीक्षेतले किमान 15 टक्के गुण प्रयोगांवर आधारलेल्या प्रश्नांना. ज्याने प्रयोग हाताने केला नाही, त्याला ते प्रश्न अडतात. शिवाय तिथल्या बऱ्याच शाळांत प्रयोगशाळेची मांडणी करणारा तंत्रज्ञ असतो. आपल्याकडे विज्ञानाचे लेखी 40 अधिक 40 आणि प्रात्यक्षिकाचे 20 गुण शाळेच्या हातात. प्रयोगवही फळ्यावरून उतरवली जाते, जवळपास सगळ्यांना अठरा-वीस मिळतात, आणि त्या वीस गुणांतून मूल काय शिकले ते कळत नाही.

लेखी प्रश्न बदलणे मंडळाच्या हातात आहे, पण घटक चाचणी तुमच्या हातात आहे. दहावीतल्या भिंगांच्या प्रकरणाचे उदाहरण घेऊ. साठ मुलांच्या वर्गाला सलग दोन तासिका लावा. पाच-पाचचे बारा गट, प्रत्येकाला 10 सेंटिमीटर नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग, मेणबत्ती, मीटरपट्टी, पुठ्ठ्यावर चिकटवलेला पांढरा कागद. आधी खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर पाडून नाभीय अंतर अंदाजे काढायचे. मग मेणबत्ती भिंगापासून 15, 20, 25, 30 आणि 40 सेंटिमीटरवर ठेवून प्रतिमेचे अंतर मोजायचे. उत्तरे साधारण 30, 20, 16.7, 15 आणि 13.3 यायला हवीत. बिघडते ते चार ठिकाणी: ज्योत आणि भिंगाचा मध्य एका उंचीवर नसतो, म्हणून प्रतिमा कागदाच्या वर-खाली जाते, भिंग तिरके धरले जाते, खोलीत उजेड जास्त राहतो, आणि मेणबत्ती जळून खाली जाते तरी कोणी भिंग खाली घेत नाही. मोजलेले आकडे एखाद्या सेंटिमीटरने चुकले तर ते तसेच लिहायला सांगा. पुस्तकी आकडा लिहिलेल्या वहीला कमी गुण द्या आणि हे आधीच जाहीर करा. चाचणीत विचारा: एका गटाने वस्तूचे अंतर 8 सेंटिमीटर असताना पडद्यावर स्पष्ट प्रतिमा मिळाली असे लिहिले आहे, त्यांचे काय चुकले? ज्याने प्रयोग केला आहे तो सांगेल की वस्तू नाभीय अंतराच्या आत आली, तिथे पडद्यावर प्रतिमा पडतच नाही. बारा भिंगे, बारा पट्ट्या आणि मेणबत्त्या याला लागणारा खर्च शाळेला झेपण्यासारखा आहे. अडचण येते ती सलग दोन तासिकांची, आणि ती वेळापत्रक करणाऱ्याने जूनमध्येच सोडवायची असते.

परीक्षा आणि दुसरी संधी. फिनलंडमध्ये पहिली बाह्य परीक्षा उच्च माध्यमिकाच्या शेवटी येते, तोवर शिक्षकाचेच मूल्यमापन. मूल मागे पडतेय असे दिसले की शाळेतला विशेष शिक्षक त्याला आठवड्यातून काही तास छोट्या गटात घेतो, आणि त्यासाठी वैद्यकीय निदानाच्या कागदाची वाट पाहत नाही. माझ्या मते फिनलंडकडून घेण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर ती ही, कारण तिला कायदा बदलावा लागत नाही. इंग्लंडने दुसरा मार्ग घेतला: जीसीएसईला इंग्रजी किंवा गणितात श्रेणी 4 (उत्तीर्णतेची मानली जाणारी) न मिळालेल्या मुलाने सोळानंतरही तो विषय शिकत राहायचा, नाहीतर संस्थेचा निधी कापला जातो. हेतू चांगला होता, पण बहुसंख्य मुले पुनर्परीक्षेतही त्याच श्रेणीखाली राहतात, कारण तोच अभ्यास त्याच पद्धतीने पुन्हा शिकवला जातो.

जर्मनीच्या दुहेरी व्यवसायशिक्षणाचे नाव सगळ्यांत जास्त घेतले जाते, म्हणून त्याची रचना नीट सांगतो. मुलगा किंवा मुलगी कंपनीशी लेखी करार करते, आठवड्यातले तीन-चार दिवस तिथे काम शिकते, एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जाते. मुदत दोन ते साडेतीन वर्षे. कंपनी दरमहा मोबदला देते. मान्यताप्राप्त व्यवसाय तीनशेहून जास्त, प्रत्येकाचा देशभर एकच अभ्यासक्रम. बहुतेक व्यवसायांची अंतिम परीक्षा शाळा घेत नाही. उद्योग-व्यापार मंडळ किंवा कारागिरांचे मंडळ घेते, त्यामुळे प्रमाणपत्र दुसऱ्या शहरातही चालते. याचा कणा कंपनी आणि मंडळ हा आहे. आपल्या तालुक्यात बहुतेक रोजगार चार-पाच माणसांच्या गॅरेज, वेल्डिंग, शिवणकाम अशा जागी असतो. तिथे करारपत्र नसते, आणि शिकवणाऱ्याला त्याचे काही मिळतही नाही. म्हणून आयटीआयची नवी इमारत बांधून जर्मन पद्धत येत नाही. आणि त्या पद्धतीची काळी बाजूही आहे: बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतर, साधारण दहाव्या वर्षीच मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते. 2001 च्या डिसेंबरात पिसाचे पहिले निकाल आले तेव्हा घरची परिस्थिती आणि मुलाची कामगिरी यांचा संबंध तिथे फार घट्ट असल्याचे उघड झाले आणि देशभर खळबळ उडाली.

विकसनशील देशांकडूनही शिकण्यासारखे बरेच आहे, आणि आपल्या बैठकांत त्यांचे नाव निघत नाही याचे वाईट वाटते. बांगलादेशाने 1994 पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिकात शिकणाऱ्या मुलींना विद्यावेतन सुरू केले. अटी तीन: 75 टक्के हजेरी, 45 टक्के गुण, आणि मुलगी अविवाहित असणे. तिसरी अट विचार करून घातली होती, कारण लग्नच शाळा थांबवत होते. बिहारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. पुढच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक नोंदणी सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि जिथे शाळा लांब तिथे परिणाम जास्त होता. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाच्या बस आणि सायकली, तसेच एसटीचा मुलींसाठीचा मोफत पास याच मार्गावरच्या योजना आहेत. त्या फसतात त्या वेळेत: शाळा पाचला सुटते आणि बस साडेचारला निघून जाते किंवा सातला येते. मुख्याध्यापकाने आगाराला वेळापत्रकासह लेखी पत्र दिले, ग्रामपंचायतीचा ठराव जोडला आणि पाठपुरावा केला, तर वेळ बदलून मिळू शकते.

दार उघडले आणि आत जागा नसली तर काय होते ते घानात दिसले. 2017 मध्ये उच्च माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केले. मुले इतकी आली की 2018 मध्ये त्यांचे दोन गट करून ती आळीपाळीने शाळेत आणावी लागली, एक गट वर्गात तर दुसरा सुट्टीवर. तरीही मला ते चुकीचे पाऊल वाटत नाही. मुले आधी आली म्हणून वर्ग बांधणे भाग पडले.

ऊसतोडीच्या भागातल्या शाळांसाठी एक वेगळी नोंद. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे दहावीचे दुसरे सत्र आणि परीक्षा त्यातच येते. गावातल्या हंगामी वसतिगृहाची सोय आठवीपर्यंतच्या मुलांचा विचार करून झालेली आहे. नववी-दहावीच्या मुलांसाठी ऑगस्टमध्येच जाणाऱ्या कुटुंबांची यादी करा, नातेवाइकाकडे राहणे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहे किंवा समाजकल्याणचे वसतिगृह यांपैकी काय शक्य आहे ते सप्टेंबरात ठरवा. ऑक्टोबर उजाडला की पालकांनी उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि मूल कोयत्याबरोबर जाते.

शाळेने या वर्षी हातात घ्यायचे काम नववीत आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाची पंधरा मिनिटांची तपासणी करा: सहावीच्या पुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचून दोन प्रश्नांची उत्तरे, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार, दोन अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्यांची एक वजाबाकी. जे अडकतील त्यांचे बारा-पंधराचे गट करा. गट त्रुटीनुसार करायचे, तुकडीनुसार करायचे नाहीत. परिपाठाच्या आधी किंवा शेवटची तासिका असे रोज चाळीस मिनिटे, दहा ते बारा आठवडे. दर तिसऱ्या आठवड्याला पुन्हा तीच तपासणी आणि जमलेल्याला गटातून बाहेर काढा, नाहीतर त्या गटाचे नाव ‘ढ’ पडते आणि मुले येईनाशी होतात. शिक्षकांच्या तासिकांत याची अधिकृत नोंद हवी. फुकटचे जादा काम म्हणून सांगितले की ते सहामाहीपर्यंत बंद पडते.

आणि मे-जूनमध्ये निकाल लागला की नापास मुलाला शाळेत बोलावून घ्या, तो आपणहून येणार नाही. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत थोडी असते. पालकांना फोन, अर्ज, शुल्क नसेल तर समितीच्या निधीतून, आणि परीक्षेपर्यंत रोज दोन तास फक्त राहिलेल्या विषयाचे. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीतून अकरावीला प्रवेश मिळतो, हे पुष्कळ घरांत माहीतच नसते. निकालाच्या दिवशीच गुणपत्रिकेसोबत एका कागदावर लिहून द्या.